दोषांसकट घर विकणे आहे

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले.

रविवारची सकाळ होती. एका हातात बाबांचा डबा, दुसऱ्या हातात ओली छत्री, आणि डोकं निघतानाच तापलेलं. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात शिरले, तर ओट्याखालच्या कपाटातून दोन पाय बाहेर आले होते. एक मोजा निळा, एक करडा.

"उगवलात का एकदाचे?" मी त्या पायांना विचारलं.

पाय दचकले. आत डोकं कशावर तरी आपटल्याचा आवाज आला.

"किती निरोप पाठवायचे माणसाने? इथे पाइप गळतोय, तिकडे नव्या घरात आंघोळीला धड पाणी येत नाही. आणि तुम्हा प्लंबर लोकांना साधा फोन उचलायलाही मुहूर्त लागतो."

"अहो, पण मी..."

"पण नाही नि बिण नाही. इथलं उरका आणि तसेच माझ्याबरोबर चला. पत्ता देऊन सोडलं तर परत दिसणार नाही तुम्ही."

पाय हळूहळू पुढे सरकले आणि मागून उरलेला माणूस आला. केसांत कोळिष्टक, गालावर काळा पट्टा आणि गळ्यात स्टेथोस्कोप. प्लंबर मी पुष्कळ पाहिलेत. स्टेथोस्कोपवाला हा पहिलाच.

"यायला माझी काही हरकत नाही," तो कपाळ चोळत म्हणाला, "पण मी खरं तर घर बघायला आलो होतो. विकत घ्यायला. ओल नीट बघायची तर आत शिरा, असं तुमचे बाबा म्हणाले."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागच्या दारातून बाबा टॉर्च घेऊन आले, चेहऱ्यावर कोण उत्साह. "दिसली का? डाव्या बाजूला हात फिरवा. गार लागेल बघा."

आमच्या बाबांबद्दल आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. बाबांनी सारी नोकरी फ्रिजच्या कारखान्यात केली, तपासणी विभागात. दार नीट बसत नाही, रबर एका कोपऱ्यात उचललंय, आतला दिवा उशिरा विझतोय... असले दोष शोधायचे आणि माल परत पाठवायचा. कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही. घर विकायला काढलं तेव्हा त्यांनी एजंटला बजावलं, "घेणाऱ्याला दोष आपण आधी सांगायचे. नंतर त्याला सापडले तर ती फसवणूक."

आणि मग ते सांगू लागले. घर बघायला आलेल्या एका नवराबायकोला त्यांनी जिन्याची करकरणारी पायरी वाजवून दाखवली. एका शिक्षिकाबाईंना गच्चीवर नेऊन पाणी कुठे तुंबतं ते बादली ओतून दाखवलं. गिऱ्हाईक खुशीत यायचं आणि पडेल चेहऱ्याने जायचं. एजंटच्या नाकी नऊ आले होते.

माझ्या तर जास्तच. आईच्या गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून आम्ही लिफ्टवाल्या इमारतीत नवं घर घेतलं. आई आणि मी तिकडे राहायला गेलो. बाबा म्हणाले, "रिकाम्या घराला कोणी नीट बघत नाही. विकलं की येतो." आई म्हणाली, "ते येऊ देत, मग खोकी उघडू." झालं. नव्या घरात छतापर्यंत बंद खोकी, चहाची गाळणी त्यांतल्या कुठल्या तरी पोटात, आणि बाहेरचं दार अर्ध्यात अडकणारं, ते खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. दार नीट करणारा माणूस जुन्या घरात, हत्यारंही तिथेच. मधे डबे पोचवणारी मी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि उरलेल्या वेळात दोन घरांचं हमालीकाम.

"घाबरवलं का बाबांनी तुम्हाला?" मी त्या कोळिष्टकवाल्याला विचारलं. आता उगीच ओरडल्याची थोडी लाज वाटत होती.

"उलट. पहिल्यांदाच कोणीतरी मला खरं सांगतंय."

तो प्राण्यांचा डॉक्टर होता. दवाखाना भाड्याच्या जागेत होता आणि कुत्री भुंकतात म्हणून वरचे शेजारी रोज भांडायला उतरत. त्याला खाली मोठी खोली आणि पुढे अंगण असलेलं घर हवं होतं. एका म्हाताऱ्या बोक्याला तपासून तो थेट इकडे आला होता. बाबा त्याला न्हाणीघरात घेऊन गेले, तेव्हा त्याने सहज स्टेथोस्कोप कानाला लावला आणि दुसरं टोक भिंतीवर टेकवलं.

"इथे आत पाणी चालतंय," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या कानातून ते जवळजवळ हिसकावून घेतलं, स्वतः ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी नोकरी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. माझा डबा त्या दिवशी कोणी उघडलाच नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. ठरवायला नव्हे, भिंत फोडायला. बाबा म्हणाले होते म्हणे, की गळका पाइप तसाच विकणं मनाला पटत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी जिन्याची पायरी झाली. मग गच्चीचा उतार. मी डबा घेऊन जायची आणि हे दोघं कुठे ना कुठे उकिडवे बसलेले असायचे, कोपरापर्यंत सिमेंट लावून.

"तुम्ही घर घेताय की शिकवणी लावलीय?" मी विचारायची.

"बघतोय अजून."

"जगात लोक लग्न याहून लवकर ठरवतात."

"त्यांचं नंतर गळायला लागतं," तो पायरीवर खिळा ठेवत म्हणायचा. "जरा हातोडी देता? आणि... रागावलात की तुम्ही डबा जोरात ठेवता. झाकण चेपलंय त्याचं."

"झाकणाची काळजी तुम्हाला कशाला?"

"जेवण त्यातलंच मलाही मिळतं ना."

हे खरं होतं. मी डबा मोठा न्यायला लागले होते. आईने विचारलं तर सांगायची, बाबांची भूक वाढलीय.

एकदा तो दुकानात आला. भर कामाच्या वेळी, बाहेर झिमझिम पाऊस, अंगातून ओल्या कुत्र्याचा वास. "डोळे तपासायचेत," म्हणून खुर्चीत जाऊन बसला. मी भिंग बदलत गेले. "यात बरं दिसतं की यात?" त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. तिच्याखालचं छापणाऱ्याचं नावसुद्धा वाचलं.

"तुम्हाला नंबर नाही. कशाला आलात?"

"तुमचे बाबा म्हणतात, ठरवण्याआधी नीट बघून घ्यावं."

"मग घर बघा ना."

तो यंत्राच्या पलीकडून नुसता बघत राहिला. रोज माणसांच्या डोळ्यांत बघण्याचाच पगार घेते मी, पण त्या दिवशी माझी नजर आधी खाली गेली. रागाने बिल न करताच त्याला घालवून दिलं आणि पुढच्या आजोबांचा डावा डोळा दोनदा तपासला.

एव्हाना एजंटने हात टेकले होते. "ताई, स्पष्ट सांगतो," तो फोनवर म्हणाला, "तुमच्या डॉक्टरांना घर नकोय, जेवण हवंय. त्यांच्याकडून हो किंवा नाही वदवून घ्या, नाहीतर दुसऱ्या कोणाला घर दाखवू द्या."

मी ते मनावर घेतलं नसतं. पण त्या रविवारी सकाळी आईने सवयीने दोन कप चहा ओतला. मी माझा आधीच घेतला होता. दुसऱ्या कपाकडे ती थोडा वेळ बघत बसली, मग उठून तो सिंकमध्ये ओतला आणि म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं. उगाच घाईघाईत भलत्याला विकून टाकतील."

मी अडकलेलं दार खांद्याने ढकललं ते इतक्या जोरात, की शेजारीण बाहेर आली.

जुन्या घरात तो अंगणाचं फाटक रंगवत होता. बाबा आत डब्याची वाट बघत होते. मी सरळ जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"घर घ्यायचंय की नाही?"

"घ्यायचंय."

"कधी ठरलं हे?"

तो ब्रश बघत राहिला. "पहिल्याच दिवशी. मी ओट्याखाली असताना."

"मग इतके दिवस...?"

"मग..." तो अडखळला. कान लाल झाले. "घर घेऊन टाकलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही डबा घेऊन कोणाकडे आला असता?"

एरवी मी विरघळले असते. किती रात्री असलंच काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून उशीत तोंड खुपसलं होतं. पण डोळ्यांपुढून तो ओतलेला चहा हलेना.

"तिकडे माझी आई एकटी बसते," मी म्हणाले. आवाज चढला आणि मग फुटला. "भरलेली खोकी उघडत नाही, बाबा येईपर्यंत उघडायचीच नाहीत म्हणून. इतक्या वर्षांत वेगळी राहिली नाहीत ही दोघं. आणि तुम्ही इथे फाटकं रंगवताय, मला रविवारी भेटता यावं म्हणून?"

तो पांढराफटक पडला. "मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, हिला तिकडे बरं वाटतंय, मला इथे काही घाई नाही."

घराची एकूण एक खोट बाबांनी त्याला सांगितली होती. आपलं दुखणं तेवढं सांगितलं नव्हतं. आणि मी तरी कुठे सांगितलं होतं? त्याने ठरवूच नये असं मलाही वाटायला लागलं होतं, म्हणून तर गप्प होते. हे कळत होतं, म्हणून राग आणखीच चढत होता. मी डबा तिथेच फाटकावर ठेवला आणि निघून आले. हाताला हिरवा रंग लागला, तो पुढे किती दिवस निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो एजंटबरोबर गेला आणि व्यवहार पक्का करून आला. आठवडा संपायच्या आत बाबा नव्या घरात आले. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्यात कपड्यांची पिशवी आणि मी तिथे टाकून आलेला डबा. आईने सुरी आणली आणि पहिलं खोकं कापलं. गाळणी त्यातच होती.

"फरशी पोकळ आहे इथे," बाबा बोटाच्या पेराने जमीन वाजवत म्हणाले.

"आल्या आल्या सुरू," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

घर लागत गेलं. पडदे चढले, पाणी आलं, दोन कप चहाचे दोन्ही संपायला लागले. मला हवं होतं ते सगळं झालं होतं आणि मी घरभर आदळआपट करत फिरत होते. तो आला नाही. फोनही नाही. एक रविवार गेला. डबा फडताळात पालथा पडून होता, चेपल्या झाकणासकट.

दुसऱ्या रविवारी बेल वाजली.

मी दार उघडलं, ते वीतभर. फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसला आणि एक भिजलेला खांदा. मी तिथेच थांबले.

"दार अडकलंय," मी म्हणाले. "नवं आहे. असंच करतं."

"माहीत आहे. तुम्ही चिडून सांगायचात. ढकलू का?"

"नको. तिथूनच बोला काय ते."

"आई... बऱ्या आहेत?"

"बरी आहे. खोकी संपली. एवढंच विचारायला आलात?"

"नाही." त्याने घसा खाकरला. "दोष आधी सांगायचे, नंतर सापडले तर ती फसवणूक. असं तुमच्या बाबांनी शिकवलंय. तर सांगतो. मला मोजे जोडीने सापडत नाहीत."

"पहिल्याच दिवशी पाहिलं."

"अंगाला कुत्र्यांचा वास येतो. पावसात जास्त."

"येतोय इथपर्यंत."

"जेवताना कोणाचं जनावर आजारी पडलं तर ताटावरून उठून जातो. म्हणजे नेहमीच जाईन."

"आणखी?"

"आणखी... मोठा दोष आहे एक." फटीतला चेहरा गंभीर झाला. "भिंतीच्या आतलं मला ऐकू येतं, पण मनात असलेलं मी वेळेवर बोलत नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर. ते ओट्याखालून निघाल्या निघाल्या सांगायला हवं होतं. मी वेळ काढत बसलो आणि त्रास तुमच्या आईला झाला. तो दोष मी दुरुस्त करीन. बाकीच्यांची खात्री देत नाही."

मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींचा राग येत होता.

"माझाही सांगून ठेवते," मी म्हणाले. "मी फार चिडते."

"तो दर्शनी भागातच आहे," तो म्हणाला. "तो बघूनच परत परत येत होतो."

दाराच्या कडेवर माझी बोटं होती. त्याने आपली बोटं शेजारी आणून ठेवली, मधे जरा जागा सोडून. त्यांनाही अजून हिरवा रंग होता.

"ठिणगे," आतून बाबांनी हाक मारली. मला ते लहानपणापासून ठिणगीच म्हणतात. "दार मी आल्याच दिवशी तासलंय. आता अडकत नाही ते."

त्याने दाराची कड वरून खालपर्यंत न्याहाळली.

"अहो, तुम्हाला काय करायचंय?" आई म्हणाली. "तुम्ही आपली फरशी वाजवा."

फटीतून तो माझ्याकडे बघत होता, आता हसू न आवरता. माझे कान तापले. मग मी दारामागे लावून ठेवलेला पाय काढून घेतला.