एकदा म्हणजे येते

"पोरगी गुणाची आहे रे, पण घरात माणूस आहे की नाही तेच कळत नाही. परवा मी तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून गेले."

सासूबाई हे आपल्या मुलाला सांगत होत्या. स्वयंपाकघरात, नळ सोडून. नळ वाहत असला की बोललेलं बाहेर जात नाही, अशी त्यांची समजूत होती. सून दाराबाहेर उभी होती, वाळलेल्या कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत घेऊन. लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. कुलपाची गोष्ट खरीच होती. दीड तास ती आत बसून राहिली होती, आणि कुलूप उघडल्याचा आवाज आल्यावर सासूबाईंना ओशाळं वाटू नये म्हणून पलंगावर पडून झोपेचं सोंग घेतलं होतं.

नवरा हसला आणि म्हणाला की तिच्या गळ्यात घंटा बांधू. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रत्येक मजल्यावर काहीतरी वाजलं पाहिजे, असा त्याचा स्वभावच झाला होता. तो प्रेमानेच म्हणाला असणार. सून आल्या पावली मागे गेली आणि मग मोठ्याने खाकरत पुन्हा आत आली.

ती एका लाँड्रीच्या काउंटरवर अर्धा दिवस काम करायची. कपडे घ्यायचे, कॉलरच्या आत नंबराची चिंधी टाचायची, पावती फाडायची. गिऱ्हाइकाला हाक मारायची वेळ आली की तिचा आवाज इस्त्रीच्या वाफेतच विरून जायचा. मालक तिला हळूबाई म्हणायचा. पण ते काम तिला मनापासून आवडायचं. तिथलं स्टूल तिचं होतं, टाचण्यांचा डबा तिचा होता, आणि चिंध्यांवरचे नंबर तिच्या अक्षरातले होते. वापरलेल्या वस्तूंची तिला किळस नव्हती की भीती नव्हती. तीनदा धुतलेल्या कोटातूनही माणूस पुरता जात नाही, हे तिला रोजच्या हाताळणीतून कळलं होतं. काखेत, खिशाच्या शिवणीत तो थोडा उरतोच. उरला तर उरला, त्याचा त्रास काय?

सासूबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांच्या मशीनचा पट्टा तुटला, तो आणायला ती जुन्या सामानाच्या दुकानात गेली, आणि परत आली ती पट्टा विसरून, छातीशी एक अकॉर्डियन, खांद्याला अडकवून वाजवायचा भात्याचा बाजा, बांधून.

झालं असं, की दुकानदाराने सहज म्हणून तो वाजवून दाखवला. दोन ओळीच वाजवल्या, पण दुकानातल्या कपबशा किणकिणल्या आणि रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. तोंड न उघडता एवढा आवाज काढता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाचा आहे, एवढंच तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, एक घर रिकामं करणाऱ्यांनी आणून टाकला, वाजवणारी बाई होती म्हणतात. मग त्याने पट्टे तिच्या खांद्यांवर चढवले. एकही भोक इकडचं तिकडे करावं लागलं नाही.

"बघा," तो म्हणाला, "तुमच्याच मापाचा आहे."

वर एक पुस्तिकाही दिली. स्वतःच शिका छापाची, मधली काही पानं गळालेली.

घरी येऊन तिने वरच्या खोलीत भाता पहिल्यांदा उघडला तेव्हा सूर आलाच नाही. आधी एक लांब सुस्कारा आला, आणि त्याबरोबर एक वास. बंद कपाटाचा, खोकल्याच्या औषधाचा, उतू गेलेल्या दुधाचा. कुणाच्या तरी खोलीतली हवा इतकी वर्षं भात्याच्या घड्यांत अडकून पडली होती आणि आता तिच्या खोलीत मोकळी झाली. तिने खिडकी उघडली. वास गेला, म्हणजे तिला तसं वाटलं.

शिकणं म्हणजे कसरत होती. उजव्या हाताच्या पट्ट्या निदान डोळ्यांना दिसतात. डाव्या हाताची बटणं वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत. ती आंधळ्यासारखी चाचपून शोधायची. त्यातल्या एकाच बटणावर खळगा असतो, तो बोटाला लागला की आपण कुठे आहोत ते कळतं. या सगळ्यात भाता ओढत राहायचा, नाहीतर सूर मध्येच दम लागल्यासारखा बसतो. पहिले पंधरा दिवस सासूबाई खालून विचारायच्या, की वर म्हैस बांधली आहे का. मग विचारायच्या, म्हैस आजारी आहे का. पण त्यांनी बंद कर असं कधी म्हटलं नाही.

त्यांचं मशीन बरोबर त्या खोलीखाली होतं. चहा झाला की जिन्याचं दार उघडून वर चढून हाक मारण्यापेक्षा त्या कापड मोजायच्या लाकडी गजाने छताला ठोकायच्या. ठोका आला की सून वरून एक सूर द्यायची. एकदा म्हणजे येते. दोनदा म्हणजे जरा थांबा. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते होऊन गेलं. मग सासूबाई दुपारभर कारण नसताना ठोकू लागल्या. बाही जमली, ठक. दोरा संपला, ठक ठक. वरून त्याला उत्तर जायचं. तीन महिने एका टेबलाशी बसून जे बोलणं झालं नव्हतं ते लाकडाच्या छतातून होऊ लागलं. खाली उतरल्यावर सून पुन्हा गप्पच असायची, पण आता सासूबाई तिच्या कपात न विचारता साखर घालत. या घरात आपल्याला जागा झाली, असं तिला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

पहिली खूण अगदी लहान होती. ती बोट उचलायची, आणि सूर किंचित उशिरा थांबायचा. एखाद्याने वाक्य संपल्यावरही तोंड उघडंच ठेवावं तसा. जुना माल आहे, एखादी पट्टी चिकटत असेल, असं म्हणून तिने पुस्तिकेचं पान उलटलं.

मग एके दिवशी लाँड्रीत मोठं काम आलं, कुठल्याशा हॉटेलचे पडदे, आणि दोनला सुटणारी ती पाचला घरी पोचली. मागच्या दाराने आत शिरली. उशीर कसा झाला ते सांगायला शब्द जुळवत होती, तोवर सासूबाईच म्हणाल्या, "उतरलीस का? चार वाजता ठोकलं तर दोनदा वाजवलंस. चहा झाकून ठेवलाय, गार झाला असेल."

तिने चपला हळूच पायाने मागे सारल्या.

"आज चांगलं वाजवत होतीस हो," सासूबाई पुढे म्हणाल्या. "हात बसला तुझा."

ती वर गेली. अकॉर्डियन खुर्चीवर होता, भाता बंद ठेवणारी दोन्ही बटणं लावलेली, सकाळी ठेवला होता तसाच. खोलीत खोकल्याच्या औषधाचा वास होता.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला वाटला तो हेवा. तिचा हात बसलेला नव्हता. तिचा सूर अजून थरथरत होता.

त्यानंतर तिने वाजवणं जवळजवळ सोडलं. त्याने काही फरक पडला नाही. ती लाँड्रीत अडकली असताना दुपारी, कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेली असताना संध्याकाळी, वरचं वाजणं चालूच राहिलं. आणि आल्यावर जे कानावर पडायचं त्यावरून तिला कळायचं, की सासूबाई आता नुसत्या ठोकत नाहीत, बोलतात. मशीन चालवता चालवता वर तोंड करून बोलतात. आपल्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष, दगावलेली पहिली मुलगी, नवऱ्याचा राग, कधी कुणाला न सांगितलेलं. "तुला परवा सांगितलं ना, तसंच," असं म्हणून त्या पुढची गोष्ट सुरू करायच्या आणि सून मान डोलवायची. मागची गोष्ट तिने ऐकलेलीच नसायची. ती वरचीने ऐकलेली असायची. मनातल्या मनात तिने तिला हेच नाव दिलं होतं. वरची.

एका रविवारी तिने नवऱ्याजवळ विषय काढला, म्हणजे काढायचा प्रयत्न केला. आवाज येतो... मी नसताना... एवढंच तिला जमलं. तो म्हणाला, आई किती खूश असते बघ हल्ली, तुझ्यामुळे. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की तिने पुढचं वाक्य गिळून टाकलं. हे सुख आपलं नाही असं सांगितलं, तर ते जाईल. आणि ते गेल्यावर या घरात आपलं उरेल काय, याचा हिशेब तिला करवेना.

त्या गप्प राहण्याची किंमत तिला बुधवारी कळली. लाँड्रीच्या मालकाने तिच्यापुढे तिचा टाचण्यांचा डबा ठेवला, घरी घेऊन जा म्हणाला, आठवण म्हणून.

"नवऱ्याचा फोन आला होता. शनिवारपासून येणार नाही म्हणे तू. अगं हळूबाई, एवढं तरी तोंडाने सांगायचंस."

नवऱ्याला तिने लाँड्रीतूनच फोन लावला. तो गोंधळला. आईने तुला विचारलं ना, म्हणाला. काम सोडून घरीच राहतेस का, दिवसभर वाजवत बसता येईल, असं विचारलं, आणि तू लगेच एकदा वाजवलंस. आई सांगत होती, इतक्या पटकन तू कधीच उत्तर देत नाहीस.

तिने फोन ठेवला. मालकाला, दोन दिवस थांबा, असं तिने कसंबसं सांगितलं. मग ती घरी गेली. सासूबाई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. जिना चढताना वर सगळं शांत होतं, पण ती शांतता कुणी श्वास रोखल्यावर होते तसली. तिने अकॉर्डियन उचलला आणि पट्टे खांद्यांवर न चढवता पोत्यासारखा काखेत धरून जुन्या सामानाच्या दुकानात नेला. वाटेत तो तिला हलका वाटला. आणताना खांदे भरून आले होते.

दुकानदाराने काही खळखळ केली नाही. घेण्याआधी नुसता भाता ओढून पाहिला. फुस्स झालं. पट्ट्या दाबल्या, बटणं दाबली. आतून वारा आला, सूर आला नाही. त्याने झाकण उघडून आत पाहिलं. सूर काढणाऱ्या सगळ्या जिभा जागच्या जागी होत्या, एकही तुटलेली नव्हती. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा वारा.

"कमाल आहे," तो हसत म्हणाला. "आवाज घरीच ठेवून आलात की काय याचा?"

ती येताना आधी सावकाश चालत होती. मग भराभर. शेवटच्या गल्लीत तर ती पळालीच.

रस्त्याकडचं दार उघडंच होतं. सासूबाई आल्या होत्या. त्या मशीनवर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. नवराही आला होता. तिचा फोन त्याच्या मनाला लागला असावा, म्हणून लवकर निघाला असणार. तो बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. मधल्या मेजावर तीन कप मांडले होते. ती उंबऱ्यावर थांबली, धापा टाकत. दोघांपैकी कुणालाही तिची चाहूल लागली नाही.

सासूबाईंनी गज उचलला आणि छताला ठोकलं.

"ये गं," त्या वर बघून म्हणाल्या. "तोही आलाय. काय असेल ते बोलू या."

क्षणभर काहीच झालं नाही. मशीनचं चाक उगाच अर्धा फेरा फिरून थांबलं. मग वरून एक सूर आला. एकच. भरदार, सरळ, कुठेही न थरथरणारा, आणि तो बोट उचलल्यासारखा थांबला नाही. तो हळूहळू विरत गेला.

मग खोलीचं दार उघडलं. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कुणाचं तरी वजन पडलं. मग दुसरीवर. उतरणारं पाऊल नव्या घरात उतरावं तसं जपून, पायरी चाचपत येत होतं. नवऱ्याने जिन्याच्या उघड्या दाराकडे पाहत बाकावर सरकून शेजारी जागा केली. सासूबाईंनी एका कपात साखर घातली, न विचारता. दोघांच्याही चेहऱ्यांवर आपलं माणूस दिसल्यावर येणारं हसू आधीच यायला लागलं होतं.

तिचं तोंड उघडलं. आवाज आला तो तिच्या स्वतःच्या कानांनाही ओळखीचा वाटला नाही. त्या आवाजाने कपबशा किणकिणल्या, आणि दोघांनी दचकून मागे पाहिलं.

"आई, तो बाजा मी आत्ताच दुकानात परत देऊन आले. जिन्याचं दार लावा."