अर्धशिशी कुठे गेली?

साक्रीच्या माळावर सौरपाट्यांचं निळं रान पसरलं होतं आणि त्यावरची तिरीप थेट नियंत्रण कक्षाच्या काचेवर येत होती. एरवी तिथे काम करणारी ओजस्वी देवरे अशा वेळी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायची. आज ती काचेला नाक लावून उभी होती. पोटात सहावा महिना, कपाळावर राखी रंगाची बोटभर रुंद पट्टी, आणि डोकं इतकं हलकं, की ते आपलंच आहे ना अशी शंका यावी.

अर्धशिशी तिला कॉलेजपासूनची. आधी डाव्या डोळ्यासमोर एक चमकतं ठिगळ यायचं, करवतीच्या दात्यांसारखं पसरत जायचं, आणि मग अर्ध्या डोक्यात घण बसायला लागायचे. दिवस राहिल्यावर नेहमीच्या गोळ्या बंद झाल्या. ज्या चालतात त्यांचा तिला उपयोग होईना. सासूबाई सुंठेचा लेप लावायच्या, नवरा निनाद खिडक्यांना चादरी बांधायचा. कशानेच उतार पडेना, तेव्हा धुळ्याच्या डॉ. नीलाक्षी रणदिवे यांनी ही शामक पट्टी दिली.

“अर्धशिशीत मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेची एक संथ लाट सरकते,” त्यांनी समजावलं होतं. “पट्टी ती निघतानाच ओळखते आणि समोरून उलटी लाट सोडते. दोघी एकमेकींना विझवतात. औषध नाही, म्हणून बाळाला धोका नाही. मी स्वतः गरोदरपणी वापरलीय.”

तेव्हापासून अधूनमधून कपाळावर मुंगी चालल्यासारखं व्हायचं, बस्स. ओजस्वी पुन्हा जेवू लागली, हसू लागली. सासूबाईंनी त्या पट्टीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मुंगी चालली की पोटातली हालचाल थांबते, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. लाथा मारणारं बाळ एकाएकी गप्प व्हायचं आणि सगळं पोट दगडासारखं ताठ व्हायचं. योगायोग असेल म्हणून तिने सोडून दिलं. मग एका दुपारी कपाळावर मुंगी चालू लागताच तिने हाक मारली, “आई, जरा हात ठेवून बघा.”

सासूबाईंनी हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“झोपलेलं नाही गं हे,” त्या म्हणाल्या. “मुठी आवळून सोसतंय काहीतरी.”

ओजस्वीने धुळे गाठलं. डॉ. रणदिवेंकडे नुकताच एक नवा पट्टा आला होता. पोटावर बांधला की गर्भाच्या मेंदूतलं अतिसूक्ष्म चुंबकत्व टिपून तो त्याची रेघ पडद्यावर काढायचा. वर आईची रेघ, खाली बाळाची. लाट उठावी म्हणून डॉक्टरांनी ओजस्वीच्या डोळ्यांवर दिव्याची उघडझाप सुरू केली. थोड्याच वेळात वरची रेघ फुगू लागली, कपाळावर मुंगी चालली आणि रेघ सपाट झाली.

“बघा, विझली,” डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात खालची रेघ उठली. तीच चढण, तोच उतार, तसाच शेवटचा हेलकावा. ओजस्वीचं पोट ताठ झालं.

डॉक्टरांनी खालच्या रेघेवरून बोट फिरवलं. “विझत नाही ती,” त्या पुटपुटल्या. “आत जाते. कोणत्या वाटेने, ते मला सांगता येत नाही.”

ओजस्वीने पट्टी उतरवून टेबलावर ठेवली.

“घाई करू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचे झटके फार वाईट असतात. अजून तीन महिने जायचेत, आणि द्यायला माझ्याकडे काही नाही.”

“आणि बाळाला काय देताय?” ओजस्वीने विचारलं.

मग तिला आठवलं, डॉक्टरांनीही गरोदरपणी हीच पट्टी लावली होती. “तुमची मुलगी कशी आहे?”

“कुहू? तीन वर्षांची झाली. गुणी आहे.” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “कधीच रडत नाही. जन्मली तेव्हासुद्धा रडली नाही. मधूनच अंग आखडून भिंतीकडे बघत राहते. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस.”

त्याच दिवशी डॉक्टरांनी पट्टी वापरणाऱ्या प्रत्येक बाईला फोन लावला. काहींनी ती काढून टाकली. काहींनी नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि पट्टी तशीच ठेवली.

पुढचे तीन महिने ओजस्वीने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. झटका आला की ती ओल्या फडक्याखाली डोळे मिटून पडायची. उलटीला बसताना निनाद पाठ धरायचा, आणि एकदा तर त्याने पट्टी हातात घेऊन विनवलं, “आजच्यापुरती लाव गं, बघवत नाही.” तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. आत बाळ मजेत लाथा मारत होतं. घण तिच्या डोक्यात पडत होते, आणि ते तिथेच पडताहेत याचा तिला विचित्र आनंद होत होता.

मुलगा झाला. त्याने असं काही भोकाड पसरलं, की दाराबाहेर सासूबाईंनी हात जोडले.

बाळ दोन महिन्यांचं झालं आणि एका सकाळी डॉ. रणदिवे घरी आल्या. सोबत कुहू होती. मोठ्या डोळ्यांची, नीटनेटकी, जिथे बसवली तिथे बसून राहणारी.

“मी दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्यात,” डॉक्टर म्हणाल्या. “उलट्या चालतील अशा. पोटात असताना तिच्यात गेलेली माझी लाट अजून उठते, ती उठली की माझ्याकडे परत यावी म्हणून. मला बंद करणं जमलं नाही तर शेजारी कुणीतरी हवंय. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

ओजस्वी बाळाला मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी मुलीच्या कपाळावर एक पट्टी बांधली, दुसरी स्वतःच्या. दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग कुहूने मान वळवली, कोऱ्या भिंतीवर कुणीतरी चालत असावं तशी तिची नजर सरकू लागली, आणि चिमुकले खांदे आखडले.

डॉक्टरांनी बटण दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचा हात डाव्या डोळ्यावर गेला, चेहरा पांढराफटक पडला, ओठ दातांखाली दबले. ओजस्वी बटणाकडे झेपावली. डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं.

कुहूचे खांदे सैल झाले. तिने डोळे मिचकावले, खोलीकडे नव्यानेच पाहावं तसं पाहिलं आणि तिचा खालचा ओठ थरथरला. मग ती रडली. आधी अडखळत, जमत नसल्यासारखी, आणि नंतर जोरात, पोटातून. डॉक्टरांनी आंधळेपणाने चाचपडत तिला जवळ ओढलं.

हुंदके ओसरल्यावर मुलीने आईच्या कपाळावरून हात फिरवला. आवाज अगदी शांत होता, कितीतरी दिवसांपासून ठाऊक असलेलं बोलावं तसा.

“आई, आता परत मला नाही ना देणार?”