मेला नाही, बेशुद्ध झालाय

आईला लातूरच्या एसटीत बसवून अपेक्षा स्वारगेटहून हडपसरच्या बसमध्ये चढली. खिडकीजवळची जागा मिळाल्याच्या आनंदात शेजारी कोण येऊन बसलं, हे तिनं पाहिलंच नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सहज नजर शेजारच्या मोबाईलवर गेली. दोन चित्रविचित्र प्राणी लढत होते. त्यातला गोलमटोल, हिरव्या शेपटीचा धपकन पडला आणि वर अक्षरं उमटली — ‘मेला!’

“मेला नाहीये तो,” ती बोलून गेली.

शेजारचा तरुण दचकला. “काय?”

“पोट हलतंय त्याचं. बेशुद्ध झालाय फक्त.”

त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “बाप रे... खरंच की! आमच्या टीममध्ये कुणालाच दिसलं नाही हे. आपण दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये नेहमी इतकं बारकाईनं बघता?”

“दुसरा माझ्या नाकासमोर धरतो तेव्हा बघते.”

तो इतका मनापासून हसला की चष्मा नाकावरून घसरला. त्याचं नाव बुद्धभूषण. हडपसरच्या एका गेम कंपनीत तो प्राण्यांच्या हालचाली रेखाटायचा. हिरव्या शेपटीचा तो ढब्ब्याही त्याचाच. कंपनीत सध्या एकच भांडण चालू होतं — लढाईत हरलेला प्राणी मरावा, की बेशुद्ध पडावा? मरण असल्याशिवाय खेळात दम नाही, असं त्याचा साहेब रोहन म्हणायचा. बुद्धभूषणला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही, हे सांगता येत नव्हतं.

“आणि आपण?”

“जनावरांची डॉक्टर. येरवड्यात दवाखाना आहे.”

“म्हणजे बेशुद्ध प्राणी शुद्धीवर कसा येतो, हे तुम्ही रोज बघता! मला बघायला मिळेल? म्हणजे... कामासाठी.”

“कामासाठीच,” म्हणत ती खिडकीकडे वळली. हसू लपवायला खिडकी बरी पडली.

तो खरंच आला. ऑपरेशन झालेली मांजर आधी कान हलवते, मग जीभ बाहेर काढते, मग सगळ्यांकडे अपमान झाल्यासारखी बघते — हे सगळं त्यानं कागदावर उतरवलं. मग पुन्हा आला. मग पुन्हा. हळूहळू पेन्सिल थांबलेली असायची आणि तो मांजरीऐवजी डॉक्टरांकडे बघत असायचा. अपेक्षाला ते कळायचं. ती उगाच स्टेथोस्कोप नीट करायची.

एका संध्याकाळी एका कुटुंबाचा म्हातारा कुत्रा, मोती, टेबलावरच गेला. अपेक्षानं मोती झोपला वगैरे म्हटलं नाही. त्या घरातल्या छोट्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसून ती सरळ म्हणाली, “मोती मेला, बाळा. आता तो उठणार नाही.” सगळे गेल्यावर मात्र ती बेसिनपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिली.

बुद्धभूषणनं समोरच्या टपरीवरून चहा आणला. “झोपला म्हणाली असतीस, तर तिला सोपं गेलं असतं ना?”

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं.

“मग ती त्याच्या उठण्याची वाट बघत बसली असती. ‘मेला’ हा शब्द मी फार जपून वापरते रे. आणि तुमच्या खेळात तो येता-जाता फेकलेला असतो.”

“मग काय करू?”

“तालमीत चीतपट झालेला पैलवान मरतो का? माती झटकतो, समोरच्याला हात देतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगोट कसतो. म्हणून तर कुस्ती बघायला मजा येते. तुझ्या ढब्ब्याला हरू दे की... मारतोस कशाला?”

त्याला हवं होतं ते हेच. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यानं हेच सांगितलं. रोहन कुरकुरला, पण चाचणीला बोलावलेली पोरं ढब्ब्या धडपडत उठला तेव्हा खुर्च्यांवर चढून ओरडली, आणि ‘मेला’ हा शब्द खेळातून गेला.

गेम बाजारात आली. काम संपलं. बुद्धभूषणचं येणंही थांबलं. दाराची घंटी वाजली की अपेक्षा मान वर करायची, आणि कुणाचातरी पोपट आत यायचा.

असाच एक आठवडा गेला आणि तो आला. दाराशी बसून केसपेपर काढणाऱ्या मथुराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“पेशंट कुठाय?” त्यांनी मुद्दामच विचारलं.

“नाही आणला.”

“मग औषध न्यायचंय?”

“नाही. डॉक्टरांना भेटायचंय. कामाशिवाय.”

“कामाशिवाय इथं कुणी येत नाही,” मथुराबाई म्हणाल्या, आणि आत हाक मारली.

अपेक्षा बाहेर आली. तो काहीतरी पाठ करून आला होता, हे दिसत होतं.

“मी... म्हणजे, गेम तर झाली. तर आता यायला तसं कारण—”

“बुद्धभूषण, वाईट बातमी मी सरळ सांगते, माहितीये ना? चांगलीही तशीच सांगते. मला तू आवडतोस. खूप.”

तो दोन पावलं मागे सरला आणि कुत्र्यांच्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. काटा टुंई करून वाजला.

“मला पण...” तो कसाबसा म्हणाला. “तू... फार...”

“बहात्तर किलो,” मथुराबाई आकडा वाचत म्हणाल्या. “डॉक्टर, केसपेपर काढू, की घरी घेऊन जाताय?”