ताईच्या नावावरचं काम

गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम तुम्ही कधी आपल्या नावावर घेतलंय का? घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. एका ताईचं काय झालं, तेवढं ऐका.

तिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा. कामात हुशार, बाकी विसरभोळा. वडिलांच्या ऑपरेशनचा दिवससुद्धा विसरला. तेव्हा ताई त्याला ताडकन बोलली, "तुला माणसं लक्षातच राहत नाहीत." पुढे चार दिवसांनी संध्याकाळी त्याचा तीनदा फोन आला. रागाच्या भरात तिने घेतला नाही. त्याच संध्याकाळी घरी येताना त्याला ट्रकने उडवलं.

तेव्हापासून दिवस कलला की ताई फोन बंद करून ठेवायची. त्याला काय सांगायचं होतं, हा एकच काटा मनात सलत राहिला.

तीन आठवड्यांनी ऑफिसचा लॅपटॉप न्यायला त्याचा मित्र आला. भाऊ त्याला लंबू म्हणायचा. ताईने कुलूपबंद कपाटातून, भावाच्या शर्टांखालून, अपघातानंतर त्याच्या बॅगेत मिळालेला लॅपटॉप काढला. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. बॅटरी पार उतरली होती. लंबूने सोबत आणलेला चार्जर लावला.

"ताई, आमच्याकडे एक आठवणीचं साधन असतं. आम्ही काय उघडलं, कुठे अडलो, कुणाला फोन केला, कुणाशी काय ठरलं, ते आपोआप टिपतं आणि कामाकामाचे गठ्ठे बांधतं. सकाळी बसलं की सांगतं, काल इथे थांबला होतास. आता त्याची कामं माझ्याकडे, म्हणून..."

"माहितीये. म्हणायचा, ताई, डोकं देवाने दिलं, आठवण मात्र भाड्याने घेतलीय."

लंबू जरासा हसला. एकेक गठ्ठा तो आपल्या नावावर करू लागला. शेवटी एक उरला.

'ताईशी बोलायचं आहे. तीन प्रयत्न. उत्तर नाही.'

ताईने तोंडावर हात धरला.

"अरे... खाली अजून आहे," लंबू पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सात, प्रयत्न, फोन बंद. तिसऱ्या दिवशी, सात, फोन बंद. रोज. अगदी कालपर्यंत.

"तुम्ही हा लॅपटॉप मधे उघडला होता?"

"कपाटाची किल्ली माझ्या उशाशी असते..."

"आणि चार्जर ऑफिसात होता..."

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. जिने चढून आलेलं माणूस दारात धापा टाकतं ना, तसा.

"हे काम बंद करून टाकतो, ताई. आमच्यात काम बेवारशी सोडता येत नाही. एक तर बंद करायचं, नाहीतर कुणाच्या तरी नावावर टाकायचं."

"बंद नको."

"मग कुणाच्या..."

"माझ्या."

"ताई, नीट विचार करा..."

"एकवीस दिवस पोर उंबऱ्यावर उभं आहे रे. आत घेऊ नको म्हणतोस?"

लंबूने मान खाली घालून तिचं नाव टाकलं आणि लॅपटॉप घेऊन गेला.

त्या संध्याकाळी ताईने फोन चालू ठेवला. मांडीवर घेऊन बसली. सात वाजले, साडेसात वाजले. काही नाही. रडून रडून तिथेच खुर्चीत तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूचा फोन आला. "ताई, ते काम पूर्ण झाल्याची नोंद आहे... 'ताईला सगळं सांगितलं. बेचाळीस मिनिटं. शेवटी हसली.' लॅपटॉप तर मी रात्री बंदच ठेवला होता. ताई... काय म्हणाला तो?"

ताईला एक शब्दही आठवेना. ती उत्तर द्यायला गेली, पण आवाज फुटला नाही. तिचा घसा बसला होता, खूप वेळ बोलल्यावर बसतो तसा.