ओढमापक

मंगळावरच्या वसाहतीतल्या प्रयोगशाळेत डॉ. निवृत्ती सुरवसे यांनी ओढमापकाची टोपी टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. पृथ्वीवर परतण्याची माणसाला किती खरी ओढ आहे, हे यंत्र थेट मेंदूतून मोजत असे. त्याच्यापुढे सोंगाची डाळ शिजत नव्हती.

पृथ्वीकडे निघणाऱ्या यानात एकच जागा होती. वसाहतीच्या अर्थतज्ज्ञ चारुशीला मणेरीकर यांचा आग्रह होता लिलावाचा.

"लिलाव म्हणजे ओढीचं अंदाजपंचे माप," सुरवसे म्हणाले. "आता खरं माप हातात आलंय. बाजार हवाय कशाला?"

"किंमत नुसती मोजत नाही हो, डॉक्टर. बदल्यात काय सोडावं लागेल ते दाखवते, म्हणून माणूस स्वतःला आवरतो. तुमच्या टोपीखाली हवंसं वाटणं फुकट आहे."

वाद चांगलाच रंगला, मतदान झालं आणि टोपी जिंकली; ज्याची ओढ सर्वांत जास्त, जागा त्याची. सुरवसे पेढेच वाटायचे, पण मंगळावर दूध कुठलं!

मग लोकांनी भलतंच डोकं चालवलं. सोंग चालत नाही ना, मग ओढ खरोखरच वाढवायची. जेवणघरात रोज आठवणींच्या बैठका बसू लागल्या. कुणी सुकट भाजल्याचा वास सांगे, कुणी तासगावच्या द्राक्षमळ्यातली थंडी. लोक हसत यायचे आणि डोळे पुसत जायचे. हरितगृहातली रोपं सुकू लागली, कारण पाणी घालणाऱ्यांचंही मन तिथे उरलं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी टोपी घालणाऱ्या प्रत्येकाचा काटा टोकाला गेला.

सुरवसे हादरले. आयुष्य वेचून उभी केलेली वसाहत डोळ्यांदेखत मोडत होती. त्यांनी मणेरीकरांपुढे हार कबूल केली आणि लिलाव करा म्हणून गळ घातली.

"कशाच्या बदल्यात करू?" त्या म्हणाल्या. "जागा मिळवणारा इथलंच घर, इथलंच पाणी देणार. ते आता कुणालाच नकोय. देवघेवीला निदान एकाला तरी इथे राहावंसं वाटायला हवं."

"मी आहे ना. मला हवंय हे सगळं. माझ्यापासून सुरू करा."

मणेरीकरांचा चेहरा उजळला. एक खरं गिऱ्हाईक मिळालं, की भाव फुटतो, वस्तूला किंमत येते. भाव फुटला, की बाकीचेही आपल्या घराकडे पुन्हा नीट पाहू लागतात. फक्त लोक पुरावा मागणार होते.

सुरवसे यांनी हसतच टोपी चढवली. निरीक्षणासाठी म्हणून तेही रोज त्या बैठकांना मागे बसत आले होते.

काटा सरळ टोकाला गेला आणि तिथेच थांबला.