दाराला अडकवलेला शर्ट

तो दिवा बंद कर आधी, नुसते किडे गोळा होतायत. हां. आता बसा नीट. आणि तू रे, पुढच्या आठवड्यात विमानात बसणारा, तू जरा जवळ सरक. मघाशी कोणाचा फोन वाजला आणि पालथा घातलास? कोणाचा नाही? बरं. मग ही गोष्ट तुझ्याच कामाची आहे. भुताची आहे म्हणून दात काढू नकोस. ज्याच्या बाबतीत घडली त्याला मी ओळखतो, त्याच्या बापालाही ओळखत होतो. माझे शर्ट त्याच्याकडेच असायचे.

बाप इस्त्रीवाला. नाक्यावर पत्र्याचं दुकान, एक टेबल, एक इस्त्री आणि कपड्यांचे गठ्ठे. संध्याकाळी कपडे हातावर घेऊन घरोघरी पोचवायचा. दार वाजलं की आतून आपण काय विचारतो? ‘कोण?’ तर हा माणूस बाहेरून म्हणायचा, “कोणी नाही हो, इस्त्रीवाला!” दर वेळी हेच. माझ्या दारात मी शंभरदा ऐकलंय. कोणी उघडायला उठायच्या आत कपडे दाराच्या मुठीला अडकवायचा, “येतो” म्हणायचा आणि पुढच्या दारात हजर.

पोरगा लहान असताना बरोबर हिंडायचा. मोठा झाला तसा यायचा बंद झाला. वर्गातल्या मुलांच्या दारात उभं राहून बाप ‘कोणी नाही’ म्हणतो, हे त्याला सोसायचं नाही. हुशार मात्र असा, की सगळी गल्ली त्याला प्रोफेसर म्हणायची. बापानं त्याला इस्त्रीला कधी हात लावू दिला नाही. “तू पुस्तक धर, हे मी धरतो,” म्हणायचा.

पुढे कॉलेजातून एक्सचेंजवर त्याची निवड झाली. म्हणजे काय, तर एक सत्र परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं आणि तिथले गुण इथे धरायचे. हे तुला मी कशाला सांगतोय, तूच निघालायस. त्याचं त्याहून पुढचं होतं. सत्राच्या मध्यावर सगळ्या विभागासमोर आपलं काम मांडायचं, आणि ते पसंत पडलं तर तिथेच पुढच्या पदवीला थेट प्रवेश. बाप तेवढ्यासाठी रात्री उशिरापर्यंत टेबलाशी उभा असायचा.

तिकडे कोणीतरी विचारलं, वडील काय करतात? हा म्हणाला, कपड्यांचा व्यवसाय आहे. खोटं नव्हतं म्हणा. कपडे होतेच. फक्त लोकांचे होते.

तर मार्च महिन्यातला गुरुवार. शुक्रवारी सकाळी याचं भाषण. बॅगेतला एकुलता एक बरा शर्ट काढला, तर चोळामोळा झालेला. होस्टेलच्या खाली धुलाईच्या खोलीत एक इस्त्री होती, ती जळलेली. म्हणून हा संध्याकाळी नवीन इस्त्री आणायला बाहेर पडला. दुकानाशी पोचला तर शटर अर्ध्यावर आलेलं. आतल्या मुलीनं काचेपलीकडून नुसतं बोट हलवलं. आला परत हात हलवत.

मजल्यावर सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर होतं. तिथं यानं पातेल्यात पाणी उकळलं, ओतून टाकलं, आणि पातेल्याचा तापलेला तळ शर्टावर फिरवायला लागला. इस्त्रीवाल्याचा पोरगा बरं का! बाकीची मुलं खुर्च्यांवर तंगड्या पसरून मजा बघत होती. तीही अशीच ठिकठिकाणाहून आलेली.

तेवढ्यात फोन वाजला. बापाचा, व्हिडिओ. आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली, दुकान आवरता आवरता बाप त्याच वेळी फोन करायचा. एरवी हा खोलीत जाऊन दार लावून बोलायचा. त्या दिवशी ओल्या बोटानं बंद करायला गेला आणि नेमका उचलला गेला. पडद्यावर बाप. अंगात घामानं चिकटलेलं बनियन, मागे गठ्ठे, हातात इस्त्री.

“अरे, पातेल्यानं?” बाप हसायलाच लागला. “कॉलर जाळशील, बाळा. उलटी घे आधी, आतून फिरव...”

शेजारच्या खोलीतला एक उंच मुलगा वाकून बघायला लागला. त्यानं विचारलं, “कोण आहे हा?”

साधा प्रश्न. उत्तरही साधं. प्रोफेसरच्या जिभेवर होतंसुद्धा. पण समोर ती सगळी तोंडं, आणि पडद्यावर ते बनियन. तो म्हणाला, “नोबडी. आमचे कपडे इस्त्री करतो तो माणूस.”

लक्षात आलं ना काय म्हणाला? बापाचंच वाक्य. पण बाप ते स्वतःबद्दल म्हणायचा. ते वेगळं.

मुलं खूश झाली. तुमचा इस्त्रीवाला तुला फोन करून शिकवतो? काय थाट आहे! त्या उंच मुलानं पडद्याकडे बघून हात हलवला. “हॅलो, नोबडी!”

बापानंही हात हलवला. “हॅलो, हॅलो.” मग विचारलं, “काय म्हणतायत रे पोरं?”

“काही नाही बाबा. ठेवा आता, मी कामात आहे.”

बापाला इंग्रजी येत नव्हतं. शर्ट, पँट, कॉलर, अर्जंट, संपलं. नोबडी कळलं की नाही, मला काय माहीत. पण पोराचं तोंड वाचायला भाषा लागत नाही. त्यानं हातातली इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाला, “बरं. शर्ट दाराला अडकवून ठेव. येतो.”

फोनवरसुद्धा तो ‘येतो’च म्हणायचा. ‘ठेवतो’ कधी नाही. पोरगा एरवी चेष्टा करायचा, कुठून येता बाबा, फोनमधून? त्या दिवशी केली नाही.

शर्ट तिथेच खुर्चीवर टाकून हा खोलीत गेला. अंग नुसतं जळत होतं लाजेनं. आजवर बापाची लाज वाटायची, त्या रात्री पहिल्यांदा स्वतःची वाटली. फोन हातात घेतला, खाली ठेवला. परत घेतला. करून बोलणार काय? बाबा, मी चार पोरांसमोर तुम्हाला कोणी नाही म्हणालो? उद्या भाषण झालं की बोलू, असं ठरवून आडवा झाला. उद्या. आपल्याला नेहमी वाटतं, उद्या आहेच.

रात्री पावणेदोनला दार वाजलं.

आता एक ध्यानात घ्या. त्या इमारतीचं खालचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. मजल्याचं दारही नाही. बाहेरचा माणूस वर येऊच शकत नाही.

टक... टक. हळू. घरातलं कोणी झोपलं असेल, त्याला त्रास नको, असं वाजवलेलं.

अर्धवट झोपेत याच्या तोंडून गेलं, “कोण?”

मराठीत. झोपेत दुसरी कुठली येणार?

बाहेर शांतता. मग...

“कोणी नाही हो... इस्त्रीवाला.”

...

हा उठून बसला. त्या मजल्यावर मराठी कळणारा याच्याशिवाय कोणी नव्हता.

वास यायला लागला. पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की कापडाला येतो, तो. लहानपणचा. दाराखालच्या फटीतून बाहेरचा उजेड येत होता. त्या उजेडात सावली होती. दोन पावलांची.

उठायचं. कडी काढायची. ‘बाबा, आत या.’ तीन शब्द.



पाय हलेनात. भीती होतीच रे. पण तो मला म्हणाला, काका, भीतीनं नाही बसून राहिलो. मला वाटलं, दार उघडलं आणि ते माझ्याकडे बघून हसले तर? नेहमीसारखे हसले तर मी काय करू?

बाहेर कोणी खोकललं. दाराची मूठ जराशी हलली. कट्...

याला वाटलं, आत येतायत.

नाही. तेवढंच. मग अगदी दाराशी तोंड आणून बोलावं तसं...

“येतो.”

सावली गेली. पावलं वाजली नाहीत.

हा तसाच बसलेला. अंधारात. घामेजून. किती वेळ, त्यालाच ठाऊक नाही. मग आपल्याकडे उजाडलं तसा फोन वाजला. आई.

“तुझे बाबा रात्री घरी आलेच नाहीत रे. मला वाटलं, काम असेल. पहाटे दूधवाल्याला दुकान उघडं दिसलं... टेबलाशेजारी खाली बसले होते. डॉक्टर म्हणाले, रात्रीच गेले.”

रडताना ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. “सगळे गठ्ठे बांधून ठेवले होते रे त्यांनी. टेबलावर एक कपडा नव्हता. आणि इस्त्री तापलेली. कोणाचं काम करत होते... काही कळत नाही.”

तेव्हा यानं दार उघडलं.

बाहेर मुठीला शर्ट. तोच. स्वयंपाकघरात खुर्चीवर टाकलेला. कॉलर ताठ. बाह्या पाठीमागे दुमडलेल्या. वरचं एकच बटण लावलेलं. आमच्याकडे असाच यायचा, मला विचारा.

याचं ओरडणं ऐकून मुलं बाहेर आली. तो उंच मुलगा पुढे झाला. काय झालं, म्हणाला. इतक्या रात्री हा शर्ट कोणी आणला?

“माझ्या वडिलांनी.”

मोठ्यानं म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला ते ऐकू गेलं नाही असं वाटलं म्हणून परत म्हणाला. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. माझे वडील, माझे वडील, असं किती वेळ म्हणत होता. पण ज्यानं ऐकायला हवं होतं, तो केव्हाच पुढच्या दारी गेला होता.

भाषण राहिलं. तिथला प्रवेशही राहिला. शुक्रवारी मिळालं त्या विमानानं परत आला. आता इथेच शिकवतो, खराखुरा प्रोफेसर झालाय. तो शर्ट त्यानं कधी अंगात घातला नाही. धुतला नाही. परत कोणी त्याला इस्त्री लावली नाही.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. कपाट उघडून दाखवला मला. इतकी वर्षं झाली, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, अरे, बंद कपाटात राहतो तसा. तो नुसता बाजूला झाला.

मग म्हणाला, “काका, कॉलरला हात लावून बघा.”

लावला.

...

गरम होती.