हातओळ

उंबरदरा तालुक्यात शेतीचं सरकारी अनुदान कुणाला द्यायचं, हे आता कागद सांगत नव्हता, माती सांगत होती.

पूर्वी सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये कुंडीत तुळस लावून मोकळा व्हायचा आणि अनुदान बिनबोभाट त्याच्या खात्यात पडायचं. डॉ. शाल्मली देवस्थळी यांनी हा प्रकार संपवला. प्रत्येकाच्या तळहातावर जिवाणूंची वस्ती असते, आणि दोन माणसांची वस्ती कधीच अगदी सारखी नसते. मातीत हात घातला की त्यातले काही जिवाणू तिथंच राहतात. एरवी ते लवकर मरतात; पण डॉक्टरांनी शोधलेलं खाद्य शेतात टाकलं की वर्षभर तग धरतात. हंगामानंतर मूठभर माती यंत्रात घातली की कोण किती राबलं ते कळतं. या खुणेला त्यांनी नाव दिलं, हातओळ. मातीला ना वशिला कळतो, ना चहापाणी. या बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडंच! पहिल्याच वर्षी, कुठल्याही कागदावर नाव नसलेल्या सहाशे बायकांना अनुदान मिळालं.

ज्याचा हात सर्वांत जास्त, त्याला अनुदान. आणि सलग तीन वर्षं शेतात दुसऱ्या कुणाचाच हात आढळला नाही, तर जमीन कसण्याचा कायमचा हक्क. मजुरांकडून राबवून घेऊन हक्क सांगणाऱ्यांना आळा बसावा, म्हणून हा नियम डॉक्टरांनीच सुचवला होता.

चांगुणाबाई गवारींना तो हक्क हवा होता. नवरा गेल्यापासून भाताचं खाचर त्या एकट्या सांभाळत. कागदावर नाव दिराचं होतं, आणि दिराला ते विकायचं होतं. पहिल्या वर्षी अनुदान त्यांना मिळालं. पण मातीत हात निघाले एकोणीस जणांचे.

"आसं कसं वो?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "रोज मीच मरते तिथं."

"लावणी कुणी केली?"

"सावडीनं. आज समदी वाडी माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. आमच्यात आसंच आसतं."

"तेच नियमात बसत नाही, चांगुणाबाई."

"समद्यांनी हातमोजं घालून लावली तर?"

"मोज्यांना बंदी आहे. नाहीतर लोक मजुरांना मोजे घालूनच राबवतील."

वाडी बसली आणि एकमतानं ठरलं: चांगुणेच्या मातीला कुणी हात लावायचा नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी एकटीनं लावणी केली. सावडीत एका दिवसात उरकणाऱ्या कामाला अकरा-अकरा दिवस लागले.

एकटीच्या तिसऱ्या वर्षी लावणीच्या तोंडावर त्यांचा डावा हात मोडला. डॉक्टर पाहणीला आल्या, तेव्हा चांगुणाबाई उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचत होत्या. बांधावर अठरा माणसं नुसती उभी होती.

"अहो, उतरा ना खाली!" डॉक्टर कळवळून म्हणाल्या.

"कसं उतरायचं, ताई?" शेजारच्या ठकूबाईंचे डोळे भरले होते. "आमचा हात लागला तर तिचं रान जाईल."

डॉक्टरांनी चपला काढल्या, साडी खोचली आणि रोपांच्या मुठीकडे वाकल्या. तशाच थांबल्या. हात त्यांनाही होते.

सतराव्या दिवशी लावणी पुरी झाली. हंगामानंतर माती तपासली, तर हात एकच निघाला. हक्काचा कागद डॉक्टर स्वतः घेऊन आल्या. काय जिद्दीची बाई! दिराला जमीन विकायचा बेत सोडावा लागला.

पुढच्या लावणीपर्यंत हात सांधला होता. चांगुणाबाई पदर खोचून सकाळीच ठकूबाईंच्या खाचरावर हजर झाल्या.

"तीन वर्सांची सावड ऱ्हायलीय माझी. सरक, मला रोपं दे."

ठकूबाईंनी रोपं छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"नको गं, चांगुणे. आमचंबी दुसरं वरीस चालू हाये."

चांगुणाबाईंनी खालच्या उतारावर नजर टाकली. वाडीची सगळी खाचरं पाण्यानं भरली होती, आणि प्रत्येकात एकच माणूस वाकलेलं होतं.